निरोप येईपर्यंत

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता जेवायला टेबल आलं असेल आणि पाट फक्त गणपतीत माळ्यावरून खाली येत असेल. म्हणून आधीच ओळख करून देतो. मी सागाचा एक जुना पाट आहे. माझ्या एका कोपऱ्यात पितळेचं फूल बसवलेलं आहे. खरं तर चारही कोपऱ्यांत बसवायचं ठरलं होतं, पण सुताराकडचं पितळ पहिल्याच फुलात संपलं. त्याने पापणीही न लववता "सध्या अशीच फॅशन आहे" असं सांगून मला खपवलं. घेणाऱ्यांनाही ते पटलं. माणसांना काहीही पटतं, हे मी जन्मतःच शिकलो.

सातपुड्याच्या पायथ्याचं सोनाळा हे माझं गाव. मंजुळाबाईंच्या रुखवतात मी या घरी आलो. त्यांचे यजमान रंगराव भाजीपाला पिकवायचे आणि माझ्यावर ऐसपैस मांडी ठोकून जेवायचे. दिवाळीचं अभ्यंगस्नान, भाऊबीज, पोरांची बारशी, सगळी माझ्यावरच झाली. पाहुणे माझ्या फुलावरून बोट फिरवायचे आणि विचारायचे, "कुठी बनवला हो?" तेव्हा मी थोडा फुगायचोही. मला दिसतं, ऐकू येतं, पण माणूस मला नीट कळतो तो वजनावरून. पोट भरलेला, उपाशी, रागावलेला, खोटं बोलणारा, प्रत्येकाचं बसणं वेगळं असतं.

जेवणं झाली की मला ओल्या फडक्याने पुसून भिंतीला उभं करत. पाटाचा दिवस असाच असतो. काम असेल तेव्हा आडवं, काम संपलं की उभं. उभं राहणं हीच आमची झोप. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मंजुळाबाईंची थोरली लेक शैलजा माझ्यावर बसूनच वाढली. मोठी खोडकर पोर! तिला सिनेमाचं भारी वेड. गावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा लागला की तिचं जेवणात लक्ष नसायचं, आणि यात्रा उठली की पुढे कित्येक दिवस तोच सिनेमा आमच्या पुढच्या खोलीत चालायचा. त्यातही हसवणारा आणि शेवटी दोघांचं जुळणारा असला तर विचारूच नका. तिचा आवडता खेळ म्हणजे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. धाकट्या भावाला, जीवनला, ती माझ्यावर बसवायची, त्याच्या डोक्यावर टॉवेलचा पदर टाकायची आणि स्वतः पोटाला उशी बांधून मुलाचा मामा व्हायची.

"काय वं पोरी, नाव काय तुहं? सैपाक येते का? चालून दाखव बरं." मग पोह्यांची बशी चाटूनपुसून संपवल्यासारखी करायची, मोठ्ठी ढेकर द्यायची आणि म्हणायची, "बरं, घरी जाऊन कळवतो."

जीवन टॉवेलात तोंड खुपसून हसायचा. मंजुळाबाई चुलीजवळून ओरडायच्या, "हासू नको वं इतकी, एक दिवस तुह्यावरच येईन हे."

आणि तो दिवस आला. गणपती नुकतेच बुडाले होते. मलकापूरहून एस.टी.ने पाहुणे आले. मुलगा उद्धव, नवा नवा कारकून झालेला. सोबत त्याचे वडील, आणि दोन्ही घरांना ओळखणारे मध्यस्थ भगवंतराव. पोहे झाले, चहा झाला, आणि शैलजा डोक्यावर पदर घेऊन माझ्यावर येऊन बसली. रोजची धिंगाणा घालणारी पोर त्या दिवशी इतकी हळू बसली की मला आधी कळलंच नाही. घाबरली की तिला एक खोड होती. पायाचा अंगठा माझ्या पितळेच्या फुलावर घासत राहायची. त्या दिवशी तिने ते फूल अगदी लखलखीत केलं.

उद्धवने मान वर केली नाही. त्याला मुलगी कमी आणि मीच जास्त दिसलो असेन. तो त्या फुलाकडे आणि त्या अंगठ्याकडे पाहत होता. भगवंतराव म्हणाले, "अरे, तुले काही इचाराचं असीन तं इचार." मोठी माणसं थांबली. उद्धवने घसा साफ केला आणि विचारलं, "तुमाले सिनेमा आवडते का?"

त्याच्या वडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की भिंतीवरची पालही आडोशाला गेली असती. पण शैलजाचा अंगठा थांबला. "हाव," ती म्हणाली. तेवढंच. त्या दोघांमध्ये जन्मात जे बोलणं झालं, ते एवढंच झालं.

निघताना वडील म्हणाले, "बरं, घरी जाऊन कळवतो."

आता आमच्या घरची एक रीत सांगतो. मंजुळाबाईंच्या सासूने घालून दिलेली. मुलगी पाहून पाहुणे गेले की निरोप येईपर्यंत तिचा पाट उचलायचा नाही. पाट उभा केला म्हणजे कार्यक्रम आपल्या हाताने संपवला, ठरत आलेलं लग्न आपणच मोडलं, असं मानत. हो आला की पाटाला कुंकू लावून उचलायचा. नाही आला तर नुसता पुसून उचलायचा. पण उत्तर यायला हवं. तोवर पाट तिथेच आडवा.

मी तिथेच राहिलो. एरवी दोन-चार दिवसांची बाब असते. आठवडा गेला तरी निरोप नाही. शैलजा रोज दुपारी माझ्यावर येऊन बसायची, सुपात हरभरे घेऊन. हरभरे निवडण्याचं निमित्त. तिचे कान दाराशी असायचे. एकदा तिने सूप बाजूला ठेवलं आणि एकटीच हळू आवाजात म्हणाली, "तुमाले सिनेमा आवडते का?" आणि स्वतःशीच हसली. तेव्हा तिचं वजन फुलासारखं झालं होतं, खोटं सांगत नाही.

मग तिला ताप आला. त्या भाद्रपदात गावात घरोघरी ताप होता. इतरांचा उतरला, तिचा उतरला नाही. अकोल्याला न्यायचं ठरलं तेव्हा फार उशीर झाला होता. घट बसायच्या आधीच शैलजा गेली.

दिवस झाल्यावर कुणी नातेवाईक बाई मला उचलायला वाकली. मंजुळाबाईंनी तिचा हात धरला. "निरोप कुठी आला अजून?" त्या म्हणाल्या. बाईने हात मागे घेतला. सगळ्यांना वाटलं, दुःख ताजं आहे, ओसरेल. गावात मात्र कुजबुज सुरू झाली की मुलगी नापसंत झाली आणि मनाला लावून घेऊन गेली. गावाचं तोंड कोण धरणार? ही कुजबुज मंजुळाबाईंच्या कानी आली आणि त्यांच्या मनात कायमचा काटा राहिला. पोर गेली ती गेलीच, पण जाताना ती कुणाला हवी होती की नको होती, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

आणि मित्रांनो, आता जे सांगतो ते तुम्हाला खरं वाटो न वाटो. थोड्याच दिवसांनी, दुपारी घर रिकामं असताना, माझ्यावर कुणीतरी येऊन बसलं. दिसत काही नव्हतं. पण वजन माझ्या ओळखीचं होतं. आधी अगदी हळू, पाहुण्यांसमोर बसावं तसं. मग पितळेच्या फुलावर काहीतरी घासल्याचा स्पर्श झाला.

मला भीती वाटली का? पहिल्या दिवशी वाटली. पुढे तिच्या येण्याची वेळ झाली की मीच वाट पाहू लागलो. ती कुणाला त्रास देत नसे. फक्त बसायची आणि दाराकडे कान लावायची. घरातलं मांजर माझ्याजवळून जाताना वळसा घालायचं. रांगती पोरं माझ्यापर्यंत यायची, थांबायची आणि माझ्या वर कुणाकडे तरी पाहून हसायची.

वर्षं गेली. रंगराव गेले. मागे स्लॅबच्या खोल्या झाल्या. जीवनचं लग्न झालं, त्याला वैष्णवी नावाची मुलगी झाली. पुढच्या खोलीत चकचकीत टाइल्स बसवायच्या ठरल्या तेव्हा मिस्त्री म्हणाला, "हा पाट तेवढा उचला." मंजुळाबाई म्हणाल्या, "त्याच्या भोवतून बसव." मिस्त्रीने जीवनकडे पाहिलं, जीवनने जमिनीकडे पाहिलं. शेवटी माझ्या चारी बाजूंनी पांढऱ्या टाइल्स आल्या आणि माझ्याखाली जुनी काळी फरशी तशीच राहिली. येणारे-जाणारे मला ठेचकाळायचे आणि शिव्या द्यायचे. माझं पॉलिश गेलं, एक फळी तडकली. रुखवतातला लाडका पाट आता वाटेतली अडचण झाला होता.

यंदाच्या हिवाळ्यात वैष्णवी मलकापूरहून एका मुलाला घेऊन आली. प्रज्वल, तिच्या कॉलेजातला. तो सिनेमा काढणार होता. सिनेमाचं नाव होतं 'निघाला बाळ्या बायको पाहाले'. बाळ्याही तोच आणि दिग्दर्शकही तोच. त्याला मुलगी पाहण्याच्या प्रसंगासाठी जुन्या वळणाची खोली हवी होती.

मंजुळाबाईंना आता मोतीबिंदूमुळे धूसर दिसायचं. त्यांनी विचारलं, "कायचा पिच्चर हाये?"

"हासवाचा, आजी. एक पोट्टा गावोगाव पोरी पाहून राह्यला. त्याले पायजे प्रेम, अन् घरच्यायले पायजेत पोहे."

"मंग भेटते का त्याले?"

"पोहे?"

"प्रेम, बे."

"शेवटी भेटते ना, आजी. पिच्चरच हाये तो."

मंजुळाबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "शैलीले आवडला असता," त्या म्हणाल्या. "काढा. पण पाट हलवाचा नाई."

प्रज्वलला मी ओसरीवर हवा होतो, तिथे उजेड चांगला होता. म्हातारीचं लक्ष नाही असं पाहून त्याने माझ्या कडेखाली बोटं घातली, तोच मंजुळाबाईंची काठी त्याच्या मनगटावर बसली. डोळे धूसर झाले होते, काठी नव्हती. वैष्णवीने त्याला बाजूला नेऊन सांगितलं, "माह्या आत्याचा पाट हाये तो. निरोप येवाचा हाये म्हणते आजी."

"कोणाचा निरोप?"

"मले नाई माहीत. मी जन्मली बी नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी आली. कॅमेरा आला, उजेड परतवायचे चंदेरी पत्रे आले. मुलीचं काम करायला पुण्याची मधुवंती आली. आणि मुलाच्या मामाचं काम करायला प्रज्वलचे खरेखुरे मामा आले. साठीचे, अंगाने बारीक. "सोनाळ्याले येतच नव्हते," प्रज्वल सगळ्यांना सांगत होता. "दोन दिवस नाई म्हणत होते. कसेबसे आणले." मामा अंगाने किरकोळ म्हणून त्यांच्या सदऱ्याखाली पोटाला उशी बांधली होती आणि ओठावर झुबकेदार मिशी चिकटवली होती.

मामांनी दाराशी चपला काढल्या, आत पाऊल ठेवलं, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर म्हणजे माझ्या एकुलत्या एका फुलावर. त्यांनी चौकट धरली.

मी ओळखलं. मान खाली घालून फुलाकडे पाहणारा माणूस मी एकदाच पाहिला होता.

"मामा, चक्कर आली का?"

"ऊन लागलं असीन," उद्धव म्हणाले. हिवाळ्यात!

दुपार झाली. मधुवंती नऊवारी सावरत माझ्यावर बसली. बिचारीला काय ठाऊक, की तिथे आधीच एक जण बसलं होतं! माझ्यावर दोघींचं वजन होतं. समोर सतरंजीवर बाळ्या आणि त्याचा मामा पोह्यांच्या बशा घेऊन बसले. प्रसंग असा होता की मामाने उलटसुलट प्रश्न विचारायचे, मुलीने पदराआडून बाळ्याला डोळा मारायचा, बाळ्याला ठसका लागायचा, आणि मामाने ढेकर देऊन म्हणायचं, "बरं, घरी जाऊन कळवतो." सगळ्या सिनेमाभर मामा प्रत्येक घरी हेच म्हणतो, म्हणून हसू.

उद्धव एकदा अडखळले, दुसऱ्यांदा अडखळले. "कळवतो" हा शब्दच त्यांच्या तोंडून निघेना. प्रज्वल वैतागला, पण मामा पडले, करतो काय! पुन्हा सुरुवात झाली. मधुवंतीने डोळा मारायच्या वेळी डोळा मारला नाही. तिची मान खाली गेली. तिच्या पायाचा अंगठा सावकाश पुढे सरकला आणि माझ्या पितळेच्या फुलावर घासू लागला. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणारं कुणी राहिलंच नव्हतं.

उद्धवच्या हातातली बशी कलंडली आणि पोहे सतरंजीवर सांडले.

"पोरगी पसंत आहे," ते म्हणाले. आवाज त्या खोट्या मिशीखालून कसाबसा आला. "मले पसंत आहे. तवाच होती."

"कट! मामा, काय बोलून राह्यले तुमी? डायलॉग काय हाये आपला?" प्रज्वलने कपाळाला हात लावला आणि बाकीची पोरं खदखदून हसली.

"चूप बसा बे," आतल्या दारातून मंजुळाबाई म्हणाल्या. त्या भिंतीला धरून आल्या, उद्धवसमोर खाली बसल्या आणि त्यांनी उद्धवच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मिशी त्यांच्या हातात आली. कुणी हसलं नाही.

"मलकापूरचा का तू?"

"हाव, माय. उद्धव."

"मंग इतकी वर्सं सांगतलं काऊन नाई?"

उद्धव लहान पोरासारखे रडू लागले. "जातानी एस.टी.तच बापाले सांगतलं होतं म्या, मले पोरगी पसंत आहे म्हणून. बाप बी हाव म्हणला. भगवंतराव म्हणे, उद्यापासून पितरं लागून राह्यले, पितरात चांगला निरोप पाठवू नाई. घट बसू द्या, मंग आपणच जाऊन सांगू. अन् घट बसाच्या आंदी इकडचीच खबर आली. मेलेल्या पोरीच्या घरी पसंत आहे म्हणून सांगाले कोण येते, माय? म्या कोणाले सांगू?"

"मायले सांगाचं होतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "म्या ऐकलं असतं."

पुढे उद्धवचं लग्न झालं होतं, संसार झाला होता, नातवंडं झाली होती. पण त्या वेळी ते पोटाला उशी बांधलेले, मान खाली घातलेले, फुलाकडे पाहणारे तेच कारकून होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. कीव आली.

मग मंजुळाबाई माझ्याकडे वळल्या. मधुवंतीकडे नाही, तिच्या किंचित बाजूला. एवढी वर्षं त्यांनाही ठाऊक होतं तर! त्या अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का वं, शैले? हाव म्हणते तो."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यावरून एक वजन उठलं. उठलं तेही कसं, तर यात्रेत सिनेमाचा भोंगा वाजला की ताट टाकून पळायची ना, तसं. माझी तडकलेली फळी करकरली. मधुवंतीने दचकून मागे पाहिलं आणि विचारलं, "आत्ता इथून कुणी गेलं का?"

वैष्णवीने तिचा हात धरला.

मंजुळाबाईंनी देवघरातून कुंकू मागवलं. माझ्या फुलावर बोटभर कुंकू लावलं. जीवन मदतीला धावला, त्याला त्यांनी थांबवलं. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसरीकडून उद्धवने, आणि त्या दोन म्हाताऱ्या माणसांनी मला उचलून भिंतीला उभं केलं. खाली काळ्या फरशीचा चौकोन दिसला. बाकी काही नव्हतं.

सिनेमा पूर्ण झाला. प्रज्वलने उद्धवमामांचं चुकलेलं वाक्य तसंच ठेवलं, फक्त पुढचं काढून टाकलं. मलकापुरात तो दाखवला तेव्हा नेमक्या त्याच ठिकाणी सगळ्यात जास्त हशा पिकला, असं वैष्णवी आजीला सांगत होती. म्हातारा मामाच मुलगी पसंत करून बसतो म्हणून लोक पोट धरून हसतात. हसू देत. शैलजाही हसली असती, सगळ्यांच्या आधी.

मित्रांनो, मला पॉलिश करा, माझी फळी सांधा, असं मी म्हणणार नाही. पाट पुसला तर पुसला, नाही तर नाही. माझं मागणं वेगळं आहे. कुणाच्या दारी जाऊन "कळवतो" म्हणालात तर कळवा. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. मुहूर्त पाहू नका, पितरं पाहू नका. नाही ऐकून माणूस रडतो, रडून उठतो आणि आपल्या वाटेने जातो. काहीच न ऐकलेला माणूस कुठे जाणार?

आता मी भिंतीला उभा आहे. एवढ्या वर्षांनी मला विश्रांती मिळाली, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. रोज दुपारी, तिच्या येण्याच्या वेळेला, घर रिकामं होतं. मांजर येऊन त्या काळ्या चौकोनावर निवांत झोपतं. मी दाराकडे कान लावून असतो. अजून कुणी आलेलं नाही.